पाच सभा, २८८ सदनिका: ईमेलने आमंत्रणं पाठवताना गोंधळ टाळायचा तर

सोसायटीच्या सभांची आमंत्रणं ईमेलने पाठवायची म्हटलं की बहुतेक ठिकाणी एकच प्रकार घडतो. सचिव रात्री जेवण झाल्यावर लॅपटॉप उघडतात, जुन्या मेलमधले पत्ते उचलून ‘टू’च्या चौकटीत चिकटवतात, पाच तारखा एका परिच्छेदात कोंबतात आणि पाठवतात. सकाळी दहा-बारा मेल परत आलेले असतात, बी विंगचे काका ए विंगच्या सभेला येऊन बसतात, आणि कुणीतरी ‘रिप्लाय ऑल’ दाबून पार्किंगचं जुनं भांडण उकरून काढतं.

हा लेख तो क्रम सुधारण्यासाठी आहे. उदाहरण म्हणून नेरुळमधली एक सोसायटी धरू: तीन विंग, प्रत्येकीत ९६, म्हणजे एकूण २८८ सदनिका. साल २०२६. सभा पाच आहेत. गळती दुरुस्तीवर विंगवार तीन, हिशेबाच्या शंकांसाठी एक ऑनलाइन, आणि शेवटी वार्षिक सर्वसाधारण सभा. तुमची सोसायटी घोडबंदर रोडला असो की खारघरला, आकडे बदलतील. क्रम हाच राहील. पायऱ्या जीमेल आणि गुगल कॅलेंडरच्या सांगितल्या आहेत, कारण सोसायट्यांचे पत्ते बहुधा तिथेच असतात.

## टप्पा १: संगणक उघडण्याआधी तारखा पक्क्या करा

कॅलेंडरचं आमंत्रण पाठवणं म्हणजे दुसऱ्याच्या मोबाइलमधल्या दिनदर्शिकेत आपल्या हाताने नोंद करणं. एकदा नोंद गेली की प्रत्येक बदलाचा मेल पुन्हा सगळ्यांना जातो. दोनदा तारीख बदलली की तिसऱ्या मेलकडे कुणी बघत नाही. म्हणून हॉल ठरलेला नाही, सीए येणार की नाही माहीत नाही, अशा अवस्थेत एकही आमंत्रण पाठवू नका.

तारखा ठरवताना समोर दिनदर्शिका ठेवा, छापील असेल तर उत्तम. २०२६ मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे. त्याच्या तीन-चार दिवस आधीपासून अर्धी सोसायटी कोकणात जाते आणि अनंत चतुर्दशी होईपर्यंत, म्हणजे २५ तारखेपर्यंत, सभेचं नाव काढण्यात अर्थ नसतो. उलट वार्षिक सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावीच लागते. २७ सप्टेंबरचा रविवार मोकळा दिसतो, पण तो शेवटचा आहे. काही अडलं तर पुढे रविवारच नाही. म्हणून आपल्या उदाहरणात वार्षिक सभा ६ सप्टेंबरला धरली आहे. २७ तारीख हातची राखून ठेवायची.

विंगच्या सभा रविवारी: ए विंग २ ऑगस्ट, बी विंग ९ ऑगस्ट, सी विंग २३ ऑगस्ट. मधला १६ ऑगस्ट मुद्दाम सोडला आहे. १५ ऑगस्ट शनिवारी आल्यामुळे लोक त्या जोडसुट्टीत लोणावळ्याला तरी जातात नाहीतर गावी. हिशेबाची ऑनलाइन सभा गुरुवारी, २७ ऑगस्टला रात्री ९ वाजता.

आता नोटिशीचा हिशेब. आदर्श उपविधींनुसार (सोसायट्यांसाठीची नमुना नियमावली) वार्षिक सभेला पूर्ण १४ दिवसांची नोटीस लागते, विशेष सर्वसाधारण सभेला पूर्ण ५ दिवसांची. पूर्ण दिवस मोजताना नोटीस दिल्याचा दिवस धरायचा नाही आणि सभेचा दिवसही धरायचा नाही. सभा ६ सप्टेंबरला, तर २३ ऑगस्ट ते ५ सप्टेंबर हे चौदा दिवस झाले. नोटीस २२ ऑगस्टला किंवा त्याआधी हातात पडली पाहिजे. बरेच जण इथेच एका दिवसाने चुकतात आणि मग विरोधी गटाला उपनिबंधकांकडे, म्हणजे सहकार खात्याच्या अधिकाऱ्यांकडे, जायला आयतं कारण मिळतं.

सावध: कॅलेंडरचं आमंत्रण म्हणजे नोटीस नव्हे. तुमच्या नोंदणीकृत उपविधींत नोटीस बजावण्याची जी पद्धत लिहिली आहे ती वेगळी पाळा: सूचना फलक, सहीचं रजिस्टर, जे असेल ते. आमंत्रण ही फक्त आठवणीची सोय आहे.

तपासा: पाचही सभांसाठी तारीख, वार, सुरू होण्याची वेळ, संपण्याची वेळ, जागा आणि कुणी यायचं, असे सहा रकाने कागदावर भरले का? एक जरी रिकामा असेल तर पुढे जाऊ नका. वार आणि तारीख जुळते का हे दुसऱ्या माणसाकडून बघून घ्या.

## टप्पा २: यादी धुऊन घ्या

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. एका संध्याकाळीत ही यादी होत नाही. आमंत्रण फसतं ते बहुतेक वेळा यादीमुळे, आणि दोष मात्र गुगलला दिला जातो.

गुगल शीटमध्ये एक तक्ता करा. रकाने एवढेच: सदनिका क्रमांक, विंग, सभासदाचं नाव, ईमेल, मोबाइल, शेरा. विंगचा रकाना वेगळा हवा. ‘ए-७०४’ असं एकत्र लिहिलं तर नंतर विंगवार गाळणी लावताना तारांबळ उडते.

मग या चुका शोधा:

पत्त्याच्या शेवटी ‘डॉट कॉम’ऐवजी ‘डॉट कॉन’ किंवा नुसतं ‘डॉट को’. हे इतकं सर्रास असतं की पहिली शोधाशोध याचीच करावी. नंतर ‘जीमेल’मधली अक्षरं उलटसुलट झालेली.

पत्त्याच्या पुढे-मागे रिकामी जागा. मोबाइलवरून चिकटवलेल्या पत्त्यांत ती हमखास येते आणि डोळ्यांना दिसत नाही. शीटमधलं ‘ट्रिम’ हे सूत्र ती काढून टाकतं.

एकाच रकान्यात नवरा-बायकोचे दोन पत्ते, मध्ये तिरकी रेघ मारून. दोन वेगळ्या ओळी करा.

एकाच माणसाच्या दोन सदनिका. पत्ता दोनदा आला तर मोजणीत घोळ होतो. ‘डेटा’ मेन्यूत डुप्लिकेट काढायची सोय आहे, पण ती पूर्ण तक्त्यावर चालवू नका. फक्त पत्त्यांच्या रकान्याची नक्कल वेगळ्या पानावर काढून तिथे चालवा. नाहीतर दुसऱ्या सदनिकेची ओळच उडेल. त्या माणसाच्या सदनिका दोन विंगांत असतील तर दोन्ही विंगांच्या यादीत तो राहिला पाहिजे.

भाडेकरू. हा नाजूक मुद्दा आहे. पाणी बंद राहणार असल्याची सूचना भाडेकरूला हवीच, पण वार्षिक सभा सभासदांची. जुन्या यादीत घरमालकाच्या जागी भाडेकरूचा पत्ता भरलेला सापडतो, कारण त्या वेळी गेटवर तोच भेटला. मालक दुबईला आणि आमंत्रण भाडेकरूला, असं होऊ देऊ नका. शेऱ्याच्या रकान्यात ‘भाडेकरू’ लिहा आणि मालकाचा पत्ता फोन करून मिळवा.

विकून गेलेले सभासद. शेअर सर्टिफिकेटच्या नोंदींशी यादी एकदा ताडून बघा. सदनिका विकून डोंबिवलीला गेलेल्या माणसाला गळतीच्या सभेचं आमंत्रण गेलं तर तो हसेल. नव्या मालकाला गेलं नाही तर तो हसणार नाही.

ज्यांच्याकडे ईमेलच नाही त्यांची वेगळी छोटी यादी करा. साठी-सत्तरीतले बरेच सभासद मेल उघडत नाहीत, पत्ता मुलाचा दिलेला असतो. या घरांना छापील पत्रक वॉचमनच्या हाती द्या आणि सही घ्या.

तपासा: विंगवार मोजणी करा. ए विंगमध्ये ९६ सदनिका आहेत आणि यादीत ८९ पत्ते आहेत, तर उरलेल्या ७ सदनिका कोणत्या ते नावानिशी सांगता आलं पाहिजे. ‘असतील कुणीतरी’ चालणार नाही.

## टप्पा ३: कोणत्या मार्गाने पाठवायचं ते ठरवा

मार्ग तीन आहेत. साधा मेल, ज्यात पाचही तारखा लिहिलेल्या असतात. कॅलेंडरचं आमंत्रण, ज्यात ‘येणार’, ‘नाही’, ‘कदाचित’ अशी बटणं येतात. आणि आयसीएस नावाची छोटी फाइल, जी मेलला जोडली की समोरच्याला ती आपल्या कॅलेंडरमध्ये घालता येते.

माझं मत: पहिले दोन एकत्र वापरा आणि तिसरा फक्त मागेल त्याला द्या. नुसता साधा मेल वाचला जातो आणि विसरला जातो. नुसती कॅलेंडरची पाच आमंत्रणं एकापाठोपाठ आली तर लोकांना ती फसवणुकीची वाटतात, आणि हल्ली तसं वाटणं योग्यच आहे.

मर्यादा आधी माहीत करून घ्या. साध्या, बिनपैशाच्या जीमेल खात्यावरून दिवसाला ५०० पत्त्यांपर्यंतच मेल जातात. ओलांडलं की चोवीस तासांपर्यंत खातं पाठवण्यापुरतं अडतं. गुगल कॅलेंडरच्या एका नोंदीत थेट पत्ते घालून २०० पाहुणे बोलावता येतात, त्यापुढे गुगल ग्रुप, म्हणजे अनेकांच्या पत्त्यांसाठी एकच सामाईक पत्ता, लागतो. शिवाय थोड्या वेळात फार आमंत्रणं गेली तर कॅलेंडरही काही तास हात आखडता घेतं.

म्हणजे आपल्या उदाहरणात विंगच्या तिन्ही सभा थेट पत्ते घालून भागतील, कारण प्रत्येकीत शंभराच्या आत माणसं आहेत. वार्षिक सभा आणि हिशेबाची सभा मात्र २८८ सदनिकांसाठी. तिथे ग्रुप करावा लागेल. काही जण यावर तोड म्हणून एकाच वार्षिक सभेच्या विंगवार तीन नोंदी करतात. चालतं, पण वेळ बदलली की तीन ठिकाणी बदलावी लागते आणि तिसरी राहते.

## टप्पा ४: ग्रुप तयार करा

गुगल ग्रुप सोसायटीच्या खात्यातून करा, सचिवांच्या घरच्या खात्यातून नको. कमिटी बदलली की घरचं खातं त्यांच्याबरोबर जातं, आणि पुढच्या सचिवाला शून्यापासून सुरुवात करावी लागते.

तीन सेटिंग लगेच बदला. ग्रुपवर मेल टाकण्याची परवानगी फक्त व्यवस्थापकांना. सभासदांची यादी पाहण्याची परवानगी फक्त व्यवस्थापकांना. आणि बाहेरच्या कुणालाही ग्रुपमध्ये आपणहून शिरता येणार नाही, असं. पहिलं सेटिंग विसरलात तर ग्रुपच्या पत्त्यावर कुणीही काहीही पाठवेल आणि ते २८८ घरांत जाईल.

जे खातं आमंत्रण पाठवणार आहे त्याला मात्र ग्रुपची सभासद यादी दिसलीच पाहिजे. ती दिसत नसेल तर कॅलेंडर त्या ग्रुपला एकच पाहुणा समजतं आणि कोण येणार याचा हिशेब लागत नाही.

ग्रुपमध्ये माणसं घालण्यावर गुगलची बंधनं आहेत, सगळे पत्ते एका दमात जात नाहीत. म्हणून हे काम सभेच्या आदल्या आठवड्यात काढू नका. यादी तयार झाली की लगेच सुरू करा.

## टप्पा ५: पाच सभा, पाच स्वतंत्र नोंदी

कॅलेंडरमध्ये पुन्हा पुन्हा येणाऱ्या सभेची सोय असते. ती इथे वापरायची नाही. ती दर महिन्याच्या कमिटी मीटिंगसाठी ठीक. या पाच सभांची माणसं, जागा आणि विषय वेगळे आहेत, त्यांना एका दोरीत बांधलं तर एक बदलताना सगळ्या हलतात.

नाव. मोबाइलवर नोंदीची पहिली तीन-चार पदंच दिसतात. ‘अमुक अमुक सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित यांची विंगनिहाय…’ असं सुरू केलं तर पाचही नोंदी मोबाइलवर सारख्याच दिसतील. वेगळेपण आधी लिहा: ‘ए विंग गळती सभा’, ‘बी विंग गळती सभा’, ‘हिशेब शंका, ऑनलाइन’, ‘वार्षिक सभा २०२६’. संस्थेचं पूर्ण नाव खाली तपशिलात जाऊ द्या, तिथे ते शोभतंही.

वेळ. सकाळचे साडेदहा आणि रात्रीचे साडेदहा यांत एका टिचकीचा फरक आहे. संपण्याची वेळही खरी लिहा. कॅलेंडर आपणहून एक तास धरतं. वार्षिक सभा एका तासात आटोपली तर पेढे वाटायला हवेत. टाइम झोन भारताचाच असल्याची खात्री करा. तो बरोबर असला की दुबईत किंवा लंडनमध्ये बसलेल्या सभासदाला त्याच्या घड्याळाप्रमाणे वेळ आपोआप दिसते; तुम्ही कंसात दुसरी वेळ लिहू नका.

जागा. ‘नेहमीच्या ठिकाणी’ असं लिहू नका. ‘क्लब हाउस, पहिला मजला, सी विंगच्या मागे’ असं लिहा. बाहेरचा हॉल असेल तर सेक्टर आणि प्लॉट नंबर हवेतच. नवी मुंबईत नुसतं ‘समाज मंदिर, नेरुळ’ लिहिलं तर माणूस पूर्वेला जाईल की पश्चिमेला, देव जाणे.

मीटची लिंक. ही चूक फार होते आणि लक्षातही येत नाही. पाहुणे घातले की गुगल कॅलेंडर नोंदीला गुगल मीटची लिंक आपणहून चिकटवतं. प्रत्यक्ष सभेच्या नोंदीत ती राहिली तर पाच-दहा जण घरी बसून लिंक उघडून वाट बघत राहतात, आणि इकडे क्लब हाउसमध्ये कोरमची, म्हणजे किमान हजेरीची, मोजणी चालू असते. चार प्रत्यक्ष सभांमधून लिंक काढून टाका. फक्त हिशेबाच्या सभेत ठेवा. आणि तिथेही ध्यानात असू द्या: बिनपैशाच्या खात्यावर तीन किंवा जास्त माणसांची मीट ६० मिनिटांतच संपते आणि १०० जणच शिरू शकतात. रात्री ९ ते १० अशीच वेळ लिहा, म्हणजे तुटल्यासारखं वाटणार नाही.

परवानग्या. ‘गेस्ट परमिशन्स’खाली तीन चौकटी असतात: मॉडिफाय इव्हेंट, इन्व्हाइट अदर्स, सी गेस्ट लिस्ट. तिन्हींमधली खूण काढा. पहिली राहिली तर कुणीही सभासद सभेची वेळ बदलू शकतो. तिसरी राहिली तर प्रत्येकाला बाकीच्यांचे पत्ते दिसतात, आणि मग पुढच्या महिन्यात विमा विकणाऱ्या एखाद्या सभासदाचा मेल सगळ्यांना येतो. ही खूण प्रत्येक नोंदीत वेगळी काढावी लागते. एकीत काढली म्हणून दुसरीत निघत नाही.

तपशील. कार्यसूची चार-पाच ओळींत, सोबत नोटिशीच्या पीडीएफची लिंक. पीडीएफ ड्राइव्हवर असेल तर लिंक असणाऱ्या कुणालाही ती वाचता येते का ते बघा, नाहीतर परवानगी मागणाऱ्या मेलचा पाऊस पडेल. कोरमअभावी तहकूब सभा अर्ध्या तासाने घ्यायची असेल तर तिची वेगळी नोंद करू नका. तपशिलातच एक वाक्य लिहा. दोन नोंदी दिसल्या की लोक थेट दुसऱ्या वेळेला उगवतात. (तसेही बरेच जण दुसऱ्याच वेळेला येतात, पण त्यांना आपण कशाला वाट दाखवायची!)

तपासा: पाचही नोंदी तयार करा, पण पाहुणे अजून घालू नका. टप्पा १ मधला कागद समोर धरून एकेक रकाना ताडा.

## टप्पा ६: चार जणांवर चाचणी

पाहुणे घालण्याआधी ‘चाचणी, दुर्लक्ष करा’ अशी एक नोंद करून कमिटीतल्या चौघांना पाठवा. निवड विचार करून करा: एक अँड्रॉइडवाला, एक आयफोनवाला, एक ज्याचा पत्ता महापेच्या एखाद्या कंपनीचा म्हणजे आउटलुकवर आहे, आणि एक ज्याने आजवर सोसायटीच्या खात्याशी कधीच पत्रव्यवहार केलेला नाही. हा चौथा महत्त्वाचा. गुगल कॅलेंडरमध्ये एक सेटिंग आहे, ज्यात अनोळखी पत्त्यावरून आलेलं आमंत्रण मेलमध्ये दिसतं पण ‘येणार’ दाबेपर्यंत कॅलेंडरमध्ये चढत नाही. तुमचे निम्मे सभासद याच गटातले असू शकतात.

चौघांना नुसतं ‘आलं का?’ विचारू नका. स्क्रीनशॉट मागवा आणि हे बघा: वेळ बरोबर आहे का, मराठी अक्षरं नीट उमटली का, इतर पाहुण्यांची नावं दिसतात का, मेल इनबॉक्समध्ये आला की स्पॅममध्ये.

## टप्पा ७: आधी पत्र, मग आमंत्रणं

आमंत्रणं जाण्याच्या एक दिवस आधी एक साधा मेल सगळ्यांना पाठवा. पत्ते ‘बीसीसी’त (तिथले पत्ते इतरांना दिसत नाहीत), ‘टू’मध्ये फक्त सोसायटीचा स्वतःचा पत्ता. मजकूर साधारण असा:

> विषय: ऑगस्ट–सप्टेंबरमधल्या पाच सभा: उद्यापासून कॅलेंडर आमंत्रणं येतील
>
> सन्माननीय सभासद,
> स.न.वि.वि.
>
> पुढील सभा ठरल्या आहेत. आपल्या विंगची सभा कृपया पाहून घ्यावी.
>
> रविवार, २ ऑगस्ट, सकाळी १०.३०: ए विंग, गळती दुरुस्ती
> रविवार, ९ ऑगस्ट, सकाळी १०.३०: बी विंग, गळती दुरुस्ती
> रविवार, २३ ऑगस्ट, सकाळी १०.३०: सी विंग, गळती दुरुस्ती
> गुरुवार, २७ ऑगस्ट, रात्री ९.००: हिशेबाच्या शंका (ऑनलाइन, सर्व विंग)
> रविवार, ६ सप्टेंबर, सकाळी १०.३०: वार्षिक सर्वसाधारण सभा (सर्व विंग)
>
> ऑनलाइन सभा वगळता सर्व सभा क्लब हाउसमध्ये होतील. उद्यापासून याच पत्त्यावरून आपल्याला तीन आमंत्रणं टप्प्याटप्प्याने येतील: एक आपल्या विंगचं, एक ऑनलाइन सभेचं, एक वार्षिक सभेचं. प्रत्येकात ‘येणार’ किंवा ‘नाही’ दाबावं. हा पत्ता मोबाइलमध्ये जतन करून ठेवावा.
>
> वार्षिक सभेची नोटीस स्वतंत्रपणे दिली जाईल.
>
> आपला,
> सचिव

‘तीन आमंत्रणं येतील’ हे वाक्य गाळू नका. ज्याला दोनच आली तो लगेच फोन करतो, आणि यादीतली चूक सभेआधी सापडते.

सावध: ‘टू’ आणि ‘बीसीसी’ची गल्लत एकदाच होते, पण तेवढी पुरते. पाठवण्याआधी ‘टू’ची चौकट बोट ठेवून वाचा. तिथे एकाहून जास्त पत्ते दिसले तर थांबा.

## टप्पा ८: आमंत्रणं सोडा, पण दमाने

जी सभा सगळ्यात जवळची, तिचं आमंत्रण आधी. दिवसाला एक, फार तर दोन. एकाच दिवशी एखाद्याला तीन आमंत्रणं गेली तर तो पहिलं उघडतो, ‘येणार’ दाबतो आणि उरलेली दोन त्याच मेलच्या नकला समजून पुसून टाकतो.

ए विंगच्या नोंदीत ए विंगचेच पत्ते चिकटवा. सेव्ह करताना आमंत्रणाचे मेल पाठवायचे का, असा प्रश्न येतो. ‘सेंड’ दाबा. घाईत ‘डोन्ट सेंड’ दाबलं तर काही जणांच्या कॅलेंडरमध्ये नोंद दिसेल, मेल मात्र कुणालाच जाणार नाही, आणि तुम्ही समजाल की गेला.

बी आणि सी विंगचं तसंच, एकेका दिवसाच्या अंतराने. मग ऑनलाइन सभा, ग्रुपचा पत्ता घालून. वार्षिक सभेचं आमंत्रण छापील नोटीस बजावण्याच्या दिवशीच सोडा, २२ ऑगस्टच्या आत. दोन्हींतली तारीख, वेळ आणि कार्यसूची शब्दशः एक असली पाहिजे. वाद झाला की लोक दोन्ही कागद शेजारी ठेवून बघतात.

## आयसीएस फाइल हवी असणाऱ्यांसाठी

काही सभासद कंपनीच्या पत्त्यावर बाहेरची आमंत्रणं घेऊ शकत नाहीत. त्यांना फाइल द्यावी लागते. ही साधी मजकुराची फाइल असते आणि कुणीतरी हौशी सभासद ती नोटपॅडमध्ये बनवून देतो. तिथे चार चुका ठरलेल्या आहेत.

पहिली चूक यूआयडीची. प्रत्येक सभेला एक स्वतंत्र ओळख क्रमांक असतो. ए विंगची फाइल नक्कल करून नुसती तारीख बदलली आणि यूआयडी तोच ठेवला, तर कॅलेंडर तिला नवी सभा समजत नाही. जुनीच सभा पुढे ढकलली असं समजून ते आधीची नोंद खोडून नवी लावतं. पाच फाइली पाठवल्या आणि कॅलेंडरमध्ये एकच सभा उरली, तर कारण बहुधा हेच.

दुसरी चूक पाच सभा एकाच फाइलीत घालून तिला ‘रिक्वेस्ट’ पद्धत लावणं. उत्तर मागणाऱ्या आमंत्रणाच्या फाइलीत एकाच सभेची नोंद अपेक्षित असते. पाच एकत्र द्यायच्या असतील तर ‘पब्लिश’ पद्धत वापरा. मग ‘येणार-नाही’ची बटणं मिळत नाहीत, नुसत्या तारखा मिळतात.

तिसरी चूक वेळेची. वेळेच्या शेवटी झेड असेल तर ती ग्रिनिचची वेळ धरली जाते. सकाळचे साडेदहा लिहून पुढे झेड लावला तर सभा दुपारी चारला दिसेल. सकाळच्या साडेदहासाठी पहाटेचे पाच लिहून झेड लावायचा, रात्री नऊसाठी दुपारचे साडेतीन. किंवा सरळ टाइम झोन ‘एशिया/कोलकाता’ असा द्या आणि झेड काढा.

चौथी: फाइल यूटीएफ-८ या अक्षरांच्या सांकेतिक पद्धतीत (जतन करताना ‘एन्कोडिंग’मध्ये निवडता येते) जतन केली नाही तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं उमटतात.

फाइल मिळालेल्याला हेही सांगा की गुगल कॅलेंडरमध्ये ती संगणकाच्या ब्राउझरवरून आयात करावी लागते. मोबाइलच्या ॲपमध्ये आयातीची सोय नाही.

## टप्पा ९: पाठवल्यानंतरचे दोन दिवस

परत आलेले मेल त्याच दिवशी उघडा. पत्ता चुकीचा असेल तर शीटमध्ये दुरुस्त करा, मग नोंदीत जुना पत्ता काढून नवा घाला. फक्त नोंदीत दुरुस्ती केली आणि शीट तशीच राहिली तर पुढच्या वर्षी तोच मेल पुन्हा परत येईल.

उत्तरांचे आकडे बघताना फार विश्वास ठेवू नका. ‘येणार’ म्हणणारे सगळे येत नाहीत, उत्तर न देणारे बरेच येतात. खुर्च्या सांगताना गेल्या वर्षीचं हजेरी रजिस्टर जास्त खरं बोलतं. आकड्यांचा उपयोग वेगळाच आहे: एखाद्या विंगमधून उत्तरंच आली नाहीत तर त्या विंगचे मेल स्पॅममध्ये गेले असं समजा आणि विंगच्या प्रतिनिधीला व्हॉट्सॲपवर विचारायला सांगा.

आठवण करून देण्याचं काम कॅलेंडरवर सोडू नका. तुम्ही तुमच्या नोंदीत एक दिवस आधीची सूचना लावली म्हणून ती सभासदांना जात नाही. प्रत्येकाच्या मोबाइलवर त्याच्या स्वतःच्या सेटिंगप्रमाणे घंटा वाजते, कित्येकांची बंदच असते. शनिवारी संध्याकाळी बीसीसी करून दोन ओळींचा मेल टाका. त्याच वेळी रविवारचा मेगाब्लॉक बघून घ्या. हार्बरवर ब्लॉक असेल तर बाहेरून येणाऱ्या सभासदांसाठी ते त्याच मेलमध्ये लिहा. उशिरा येणाऱ्यांचं एक कारण तरी कमी होईल.

## तारीख किंवा जागा बदललीच तर

जुनी नोंद पुसून नवी करू नका. पुसली की सगळ्यांना ‘रद्द’ असा मेल जातो, आणि ‘रद्द’ वाचलेला माणूस पुढचा मेल उघडत नाही. त्याच नोंदीत वेळ बदला, नावाच्या सुरुवातीला ‘वेळ बदलली’ लिहा, सेव्ह करताना कळवायचं का विचारेल तेव्हा हो म्हणा आणि संदेशाच्या चौकटीत एका ओळीत कारण द्या: ‘क्लब हाउसमध्ये पाणी शिरल्यामुळे बी विंगची सभा ९ ऑगस्टलाच, पण सायंकाळी ५ वाजता, तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये.’

वार्षिक सभेची तारीख बदलत असेल तर कॅलेंडरला हात लावण्याआधी नोटिशीकडे बघा. नवी नोटीस, पुन्हा पूर्ण चौदा दिवस, पुन्हा सहीचं रजिस्टर. ६ सप्टेंबर हुकला तर २७ सप्टेंबर राखून ठेवला आहे. त्याची नोटीस १२ सप्टेंबरच्या आत गेली पाहिजे, आणि तोपर्यंत निम्मे लोक कोकणच्या गाडीत बसलेले असतील. त्यामुळे असा निर्णय घ्यायचाच तर ७ किंवा ८ सप्टेंबरला घ्या आणि सह्या त्याच दोन दिवसांत गोळा करा.